टेम्पोचं दार

लाईट जाते ती नेमकी सातू अर्धे दळून झाल्यावर. गिरणीचा पट्टा फटफट करत मंदावतो, जातं घरघरून गप्प होतं आणि शालन कपाळावर हात मारून घेते. झाली का पंचाईत! सकाळपासून गावाचे डबे दळले, कुणाची ज्वारी अडली नाही, कुणाचा गहू अडला नाही. स्वतःचं दळण टाकलं की लगेच गेली. वायरमनला फोन करावा, तर तो ‘बघतो वैनी’ म्हणणार आणि कूस बदलून परत झोपणार. ती पदरानं तोंडावरचं पीठ पुसायला जाते, पदरही पिठाचाच, त्यामुळे आणखी माखते, आणि भिंतीला लावलेल्या पोत्यांवर अंग टाकते.

हे सातू खायचे नाहीत. उद्या सकाळी नदीवर दर्भाचा माणूस बांधायचा, त्याला सातूच्या पिठाचा लेप द्यायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि शालनच्या नवऱ्याच्या नावानं त्याला अग्नी द्यायचा. ज्याचं प्रेत हाती लागत नाही त्याचं असं करतात. पीठ विकतचं आणलं तरी चालेल, असं गुरुजी म्हणाले होते. शालन म्हणाली, घरात गिरण असताना विकतचं कशाला? बोलून गेली खरी, पण सातू निवडायला बसली तेव्हा तिचे हात चालेनात. नवऱ्याचं पीठ बायकोनं दळायचं, ही कुठली तऱ्हा! पण तिच्या वाट्याला सगळं असंच वाकडं आलंय, त्यात हे आणखी एक.

तिचा नवरा सर्जेराव डेअरीच्या दुधाचा टेम्पो चालवायचा. वाड्यावस्त्यांवरनं कॅन गोळा करायचे आणि दूध नासायच्या आत पोचवायचे, एवढंच त्याचं काम. पुराच्या वर्षी फरशी पुलावर पाणी यायला लागलं होतं. ते वाढायच्या आत आपण पलीकडे निघून जाऊ असं त्याला वाटलं. पूर ओसरल्यावर टेम्पो लांब खाली बाभळीच्या जाळीत अडकलेला सापडला. कॅन सापडले, त्याची एक चप्पल सापडली, तो काही सापडला नाही. आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडं होतं.

त्या दारानं घात केला. सर्जेरावची आई हौसाबाई, तिनं टेम्पो बघितला आणि तिथल्या तिथं सांगून टाकलं, “दार उघडं हाय म्हंजी उतारलाय त्यो. येतंय बघा माझं पोरगं.” तेव्हापासून ती घराच्या उंबऱ्यात बसलेली आहे. दाराला कडी लावू देत नाही. झोप म्हणाल तर नाहीच. फार तर चौकटीला डोकं टेकते, आणि कुत्रं भुंकलं की “सर्ज्या?” म्हणून उठून उभी राहते. दोन्ही वेळा जेवताना रस्त्याकडे तोंड करून त्याला हाक मारते, “सर्ज्या, ये रे, भाकरी निवती.” पहिल्या वर्षी ती हाक ऐकून शेजारच्या बाया रडायच्या. आता त्या टीव्हीचा आवाज वाढवतात. त्यांना तरी काय नावं ठेवायची? किती वर्षं रडतील?

आणि शालनचं काय? नवरा गेला म्हणावं, तर सासू अंगावर धावून येते. आहे म्हणावं, तर दाखवायचा कुठं? “तू कुकू लावतीस तवर माझं लेकरू जित्तं हाय,” असं हौसाबाईचं म्हणणं, म्हणून शालन रोज सकाळी आरशात न बघता कुंकू लावून मोकळी होते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेली की तिच्यापाशी आलेल्या बाईचं बोट हवेत थांबतं. लावावं की न लावावं? लावून आपल्यालाच काही झालं तर? यंदा एक बाई नुसती हळद लावून पुढं सरकली. शालन वाण तिथंच ठेवून घरी आली आणि दिराला म्हणाली, “भावजी, काय करायचं आसंल ते करून टाका. माझ्यानं आता वढवत न्हाई.” नळाला जोरात पाणी आलं तरी आपल्या छातीत धडधडतं, पावसाळाभर आपण कानात कापूस घालून झोपतो, हे मात्र तिनं त्यालाही सांगितलं नाही. कराडला दिलेल्या लेकीलाही नाही. सांगून कोण काय करणार आहे?

तर सगळं ठरलं आहे, एक गोष्ट सोडून. गुरुजी म्हणाले, आई जिवंत आहे, तिनं नदीवर येऊन लेकाला पाणी दिलं पाहिजे. तिचा जीव त्याच्यात अडकलेला असताना मी हे करणार नाही. संध्याकाळपर्यंत निरोप द्या. आणि हौसाबाई म्हणते, “जावा तुमी. जाळा जावा त्येला. मी घर सोडायची न्हाई. त्यो आला अन् दारात कुणीच दिसलं न्हाई, तर?”

आता म्हातारीला कसं समजवायचं? दिरानं समजावलं, लेकीनं फोनवर रडून बघितलं. शालननं तर पाय धरले. आज ती हो म्हणाली नाही, तर उद्यापासून पुन्हा तोच उंबरा, तीच हाक, तेच हवेतलं बोट, शालन मरेपर्यंत.

गिरण घराच्या पुढच्या सोप्यातच आहे, त्यामुळे घराचं दार तेच गिरणीचं दार. तिथं हौसाबाईची पाठ दिसते, पोक आलेली, लुगड्याखाली मणके उठून दिसणारी.

“आत्याबाई, जरा पडा की आत.”

“तू पड. मी हाय बसलेली.”

शालन पाय पसरते. पोती उबदार आहेत, दुपार जड झालीय, पिठाचा वास नाकात बसलाय. लाईट येईपर्यंतच हं, असं ती स्वतःला बजावते. मग निवडायचं काहीतरी राहिलंय असं वाटतं, काय ते आठवत नाही, आणि हातांना ते शोधायचाही कंटाळा येतो.

लांबून घरघर ऐकू येते. आली वाटतं लाईट. पण हा पट्ट्याचा आवाज नाही. हा टेम्पोचा आवाज आहे, सायलेन्सर फुटलेला, मागं कॅनवर कॅन आपटतायत. आता आत्याबाई उठतील, असं शालनला वाटतं. दारातली पाठ हलत नाही. टेम्पो तिला वळसा घालून घरात येतो, पोत्यांच्या मधोमध थांबतो, एक पोतंही पडत नाही. सर्जेराव खाली उतरतो.

तो ओला नाही. इतकी वर्षं तिला तो ओलाच दिसत आला, केसांतनं पाणी गळणारा, थंडीनं काकडणारा. आज तो कोरडा ठणठणीत आहे आणि पिठानं पांढरा झालाय, पण कमरेपर्यंतच. भुवया पांढऱ्या, शर्ट पांढरा, आणि खाली ती त्याची नेहमीची निळी पॅन्ट, गुडघ्यावर ठिगळ लावलेली.

“काय गं शालन, बसल्या जागी झोपलीस व्हय?”

खरं म्हणजे तिला रडू यायला पाहिजे. तिला येतो राग.

“आलासा? बरं सुचलं! तुमच्या आईनं उंबरा झिजवला. मी पिठात मुरले. अन् तुमी गाडी घिऊन सरळ घरात! कुठं हुता कुठं येवढी वर्सं?”

“वरडू नगंस. आई जागी हाय.”

“ती झोपती कवा!”

“तेच की,” सर्जेराव म्हणतो आणि एक कॅन ओढून त्याच्यावर बसतो. बसताना गुडघ्यांवर हात रेटतो. त्याचे खांदे पडलेले आहेत, डोळे आत गेलेले. शालनचा राग जरा मागं सरतो. दिवसभर गाडी हाणून आला तरी हा माणूस असा कधी दिसला नव्हता.

“दमलासा?”

“लई. झोपच लागत न्हाई गं. डोळा लागला की हाक येती. सर्ज्या, ये रे. उठून बसतो. वाट धुंडतो. वाट काय गावत न्हाई. परत आडवा होतो, तर संध्याकाळची हाक येती.”

ती हाक त्याला ऐकू जात असेल असं शालनच्या कधी मनातही आलं नव्हतं.

“मग हे आत्याबाईंच्या सपनात जाऊन सांगा. मला काय सांगतासा?”

“ती झोपंल तवा सपनात जाईन न्हवं? किती येळा आलो. ती हितं बसलेली, डोळं टक्क उघडं. मी म्होरं उभा ऱ्हातो, तर मला वलांडून पार लांब रस्त्याकडं बघती.”

शालन पाय हलवते तर पाय अधांतरी आहेत. ती दोघं फरशी पुलाच्या कडेला बसलेली आहेत, पाय खाली सोडून. कधी आलो, कसे आलो, हे विचारावंसंही तिला वाटत नाही. खाली नदी वाहते आहे, पण पाण्याची नाही. पीठ वाहतंय, पांढरं, मऊ, जराही आवाज न करता. आपल्या छातीत धडधडत नाही याचं तिला नवल वाटतं. पुलावर गावातल्या बाया दळणाचे डबे घेऊन नंबर लावून बसल्यात. कुणी बोलत नाही. एकीनं शालनकडे बघून बोट उचललंय आणि ते तसंच हवेत धरून ठेवलंय. दुखत नसेल का हिचा हात, असं शालनच्या मनात येतं.

“हितंच का?” ती विचारते.

“हां, हितंच.”

“दुखलं?”

सर्जेराव जरा विचार करतो. दुधाचं फॅट किती लागलं असं विचारल्यावर करायचा तसाच.

“गाडी तरंगली तवा मागं कॅन वाजाय लागलं. मला वाटलं, दूध सांडतंय. पैलं त्येच वाटलं बघ. मंग पाणी हितवर आलं.” तो छातीला हात लावतो. “तवा भ्या वाटलं. पर थोडाच येळ.”

“अन् दार?” एवढे दिवस दाताखाली धरलेला प्रश्न शालनच्या तोंडून सुटतो. “दार उघडं हुतं तुमचं. आत्याबाई त्या दारावर जगत्यात. दार उघडलंसा, तर मग आला का न्हाई?”

“उघडलं की. घराकडंच निघालो हुतो. हात मारलं हुतं. पाण्यानं दुसरीकडंच नेलं.”

“कुठं नेलं?”

“ठावं न्हाई. झोपल्यावर माणसाला कुठं कळतंय, कुठल्या कुशीवर झोपलाय त्यो?”

आता शालन रडते. तोंडाला पदर न लावता, नाकातोंडातनं पाणी येईपर्यंत रडते. तो गेला हे तिला माहीत होतं, गावाला माहीत होतं, उघड बोलायची सोय तेवढी नव्हती. घराकडं निघाला होता आणि गेला. तिला वाईट वाटतं, फार वाईट वाटतं, आणि त्याच्या पाठोपाठ डोक्यावरचं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं वाटतं. मग त्या बरं वाटण्याचीच तिला लाज वाटते. सर्जेराव तिची समजूत काढत नाही. रडून होऊ देतो. समजूत काढणं त्याला आधीही कधी जमायचं नाही.

“उद्याचं कळलंय मला,” तो म्हणतो.

“कुणी सांगितलं?”

“सांगाय कशाला पायजे? सातू दळाय टाकलंस न्हवं? हे बघ की.” तो आपल्या पांढऱ्या छातीवर हात फिरवतो, मग निळ्या पॅन्टीवर. “लाईट गेली, म्हणून अर्धाच झालोय.”

शालनला हसू फुटतं. रडता रडता हसायला लागली की तिला उचकी लागते, तशी लागते. सर्जेराव कॅनच्या झाकणातनं दूध देतो. आता पूल नाही, स्वयंपाकघर आहे, तिचंच, पण ओट्याच्या जागी डेअरीचा वजनकाटा उभा आहे आणि देवांच्या फळीवर कॅनची झाकणं मांडलेली आहेत. आत-बाहेर करायच्या जागी टेम्पोचं दार बसवलंय. ते वाऱ्यानं उघडतं, मिटतं, परत उघडतं. सर्जेराव उठून ते ओढून घेतो. ते लागत नाही.

“ऱ्हाऊ द्या त्ये दार,” शालन म्हणते. “रोज वाजतंय त्ये.”

“बरं, त्यो पुतळा केवढा करणार?”

“गुरुजी सांगतील तेवढा.”

“जरा उच्चा करा. तुझ्या बानं आहेराला शर्ट आणला त्योबी आखूडच हुता. जन्मभर बेंबी झाकत फिरलो.”

“माझ्या बाला नावं ठिवायला आलासा व्हय?”

“अन् नारळ घेताना हलवून बघ. पाणी वाजतंय तसला नगं. मला पाण्याचा कटाळा आलाय.”

“सुका घीन,” शालन म्हणते. “अहो, पर मी तुमाला जाळू का? तुमच्या तोंडानं सांगा. उद्या कुणी म्हणाय नगं, बायकोला घाई झालती.”

“जाळ की. गवत हाय ते. मी न्हाई त्यात.”

“अन् मग मी कोण? परवापासनं मी कोण हाय? आज कुणी कुकू लावंना, उद्या कुणी दारात उभी करंना. कोण म्हणून जगू मी?”

“शालन म्हणून,” सर्जेराव म्हणतो, अगदी साध्या आवाजात. “गिरणीवाली शालन. आनी कोण?”

तो तिच्या तोंडाकडे बघतो, मग मान खाली घालून तिच्या पायांकडे बघत राहतो.

“पाय केवढं सुजलंत गं तुझं.”

“दिवसभर हुबी असती गिरणीवर. सुजतील न्हाई तर काय?”

तो कॅनवरून खाली उतरतो, तिच्यासमोर मांडी घालतो आणि तिचा उजवा पाय उचलून मांडीवर घेतो.

“आवं, पाय काय धरतासा! पाप लागंल मला.”

“मेलेल्या माणसाचं कसलं पाप लागतंय? गप बस.”

सुजलेल्या बोटात जोडवं रुतून बसलंय. दोन्ही बाजूंनी मांस वर आलंय, चांदी जेमतेम दिसते. शालनलाच ठाऊक नव्हतं. पायाकडे बघायला वेळ कुणाला असतो? सर्जेराव झाकणावर जमलेली साय बोटानं निपटून घेतो आणि जोडव्याच्या कडेनं चोळत राहतो. हळूहळू फिरवतो. दुखतं तेव्हा ती दात आवळते. गाडीचा गंजलेला नट काढताना तो असाच तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा. मग जोडवं बोटाच्या पेरावरून सरकतं आणि निघून येतं. खाली पांढरा, ओला, खोल चर पडलाय. त्या चराला वारा लागतो आणि शालनला इतकं बरं वाटतं की तिचे डोळे मिटतात.

“दुसरं ऱ्हाऊ दे,” तो म्हणतो. “ते तुझं तुला.”

“अन् हे?”

“हे मला दे. आईला खूण दावाय पायजे. ती अशीतशी मानायची न्हाई. तुला ठावं हाय तिचं.”

“ती झोपंल तवा दावशीला न्हवं?”

“आज बघतो,” असं म्हणून तो उठतो. जोडवं मुठीत धरतो. टेम्पोचं दार ढकलून बाहेर पडतो. बाहेर सोपा आहे, पोती आहेत आणि पलीकडे उंबऱ्यात ती पोक आलेली पाठ. शालनला उठायचंय, पण पाय उचलत नाहीत.

“परत येशीला?”

सर्जेराव वळत नाही. जाता जाता म्हणतो, “हाक मारू नगंस आता. हाक आली की उठावं लागतंय मला.”

तो पोत्यांमधून जातो. त्याची पाठ आता पुरी पांढरी झालीय, पॅन्टसुद्धा. ‘अहो’ हा शब्द शालनच्या जिभेवर येऊन थांबतो. एकदाच, शेवटची एकच हाक, असं तिला फार वाटतं. तिनं त्याला पोटभर हाक कधी मारलीच नव्हती. तो होता तेव्हा सासूसमोर मारायची नाही, आणि गेल्यावर सासूच मारत बसली. ती पदराचा बोळा करून तोंडात कोंबते आणि दातांनी घट्ट धरते. तो दाराशी पोचतो. म्हाताऱ्या पाठीशेजारी खाली वाकतो.

घरघर सुरू होते.

शालनला वाटतं, टेम्पो निघाला. मग वाटतं, लाईट आली. ती डोळे उघडते. पट्टा जागच्या जागी आहे, सातूचं पीठ अर्धं डब्यात, अर्धे दाणे वरच्या पेटीत. पदर तोंडात आहे, लाळेनं ओला झालेला. ऊन उंबऱ्यावरून आत आलंय. आणि घरघर चालूच आहे.

हौसाबाई उंबऱ्यात आडवी झालीय. एक हात उशाला, पाय पोटाशी, तोंड उघडं. गेली की काय, असं शालनला वाटतं. मग ध्यानात येतं, म्हातारी घोरतेय. चांगली सणसणीत घोरतेय. रस्त्यावरून फटफटी गेली, तरी हलत नाही.

शालन उठते. उजवा पाय टेकवते तर तो कसा तरीच हलका लागतो. खाली बघते. अंगठ्याशेजारचं बोट मोकळं आहे. बोटावर पांढरा, ओला, खोल चर. ती पोती उचलून बघते, फरशीवरच्या पिठात हात फिरवते, जात्याखाली बघते. कुठंच काही नाही.

“शालन,” हौसाबाई हाक मारते.

ती उठून बसलीय. डोळे चोळतेय. आणि रस्त्याकडे न बघता आत, शालनकडे बघतेय.

“सर्ज्या आला हुता गं.”

शालन जात्याजवळून उठून उभी राहते.

“हितं बसला हुता, माझ्या शेजारी. म्हणला, आई, आता मी बसतो, तू पड जरा. मी म्हणलं, तूच हाईस कशावरनं? किती येळा नुसती चाहूल फसवून गेली मला. तर ह्यो असा माझा हात धरला अन्...” म्हातारी आपल्या मिटलेल्या उजव्या मुठीकडे बघते. ती मूठ आपलीच आहे का, अशी बघते. मग एकेक बोट उघडते.

तळहातावर जोडवं आहे.

“हे तुझंच न्हवं?”

शालन तिच्याजवळ जाऊन खाली बसते आणि पाय पुढं करते. हौसाबाई वाकून बोटावरच्या चरावर आपलं खरबरीत बोट ठेवते. खूप वेळ ठेवते.

“लई रुतलं हुतं गं पोरी,” ती म्हणते, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांतून पाणी येतं. टेम्पो सापडला तेव्हा ती रडली नव्हती. रडायचं कशाला, येणारच आहे, म्हणाली होती. आता ती शालनचा पाय मांडीवर घेऊन रडते, ‘माझं लेकरू’ म्हणत. शालन तिच्या पाठीवरून हात फिरवत राहते. हाताला मणके लागतात.

मग म्हातारी लुगड्यानं नाक पुसते, जोडवं शालनच्या हातात देते, चौकट धरून उभी राहते. गुडघे कडकड वाजतात. ती उंबरा सोडून आत जाते. शालन ऐकत बसते. आत वाकळ झटकल्याचा आवाज येतो, मग अंग टाकल्याचा, मग एक लांब सुस्कारा.

“शालन.”

“काय, आत्याबाई?”

“उद्या नदीवर लौकर निघायचं आसंल न्हवं?”

“व्हय.”

“मग मला उठीव. मला काय जाग यायची न्हाई.”